उत्तरार्धाच्या बाजूने

पहिला भाग भारी, दुसरा पडलाय. थिएटरच्या जिन्यावरून उतरताना, ऑफिसात डबा उघडताना, लग्नाच्या पंगतीत हा निकाल गेली दहा वर्षे ऐकू येतो आहे. आणि तो नेमका त्या चित्रपटांबद्दल ऐकू येतो ज्यांनी या काळात मराठी दिग्दर्शकांचे नाव मोठे केले. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हैदराबादला गेला आणि रेंगाळला. त्यांचाच ‘झुंड’ मॅच जिंकल्यावर संपायला हवा होता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये न्यायालयाचे दिवे मालवले तिथेच पडदा पडायला हवा होता, पुढचे रिसॉर्टचे प्रकरण कशाला? आणि ‘द डिसायपल’मधला शरद मोठा गवई होणार नाही हे अर्ध्या वाटेवर कळल्यानंतर आणखी तासभर त्याच्यासोबत कशासाठी बसायचे? चार चित्रपट, दोन दिग्दर्शक, एकमेकांपासून कोसो दूर असलेल्या दोन शैली, आणि निकाल मात्र एकच.

हा निकाल चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. या चारही चित्रपटांत दिग्दर्शकाला जे सांगायचे आहे ते त्याने उत्तरार्धातच सांगितले आहे. ज्याला प्रेक्षक लांबण म्हणतो, तिथेच त्याची शैली कामाला लागली आहे. वाचकांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि निवाडा करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी. प्रेक्षक म्हणतो: मी पैसे देऊन तिकीट काढतो, दिवसभर राबून संध्याकाळचे अडीच-तीन तास तुम्हाला देतो. कथा सुरू करताना तुम्ही मला एक वचन दिलेले असते. प्रेमकथा असेल तर ते दोघे एकत्र येतील की नाही, खटला असेल तर आरोपी सुटेल की नाही. त्याचे उत्तर मिळाले की माझे-तुमचे देणेघेणे संपले. त्यानंतर मला बसवून ठेवायचे असेल तर नवी उत्कंठा हवी. ती नसेल आणि तरी कॅमेरा हलायला तयार नसेल, तर तुम्हाला कथेपेक्षा स्वतःची छाप महत्त्वाची वाटते असा अर्थ मी काढणार. चांगले दिग्दर्शन दिसता कामा नये. जे दिसते ते परदेशी महोत्सवांतल्या परीक्षकांसाठी असते, माझ्यासाठी नसते.

या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. खिडकीकडे बघत बसलेले पात्र, पाच मिनिटे गळणारा नळ आणि त्यालाच खोली समजण्याचा आग्रह, असे चित्रपट मराठीत झाले आहेत. त्यांतला संथपणा उसना आहे. म्हणून मी सगळ्या संथ चित्रपटांची वकिली करणार नाही. संथपणा गुण आहे असेही म्हणणार नाही. मी फक्त एवढे विचारणार आहे की ज्या चार चित्रपटांवर हा आरोप सर्रास केला जातो, त्यांत त्या वेळेचे काम काय आहे? काम सापडले तर आरोप मागे घ्यावा. नाही सापडले तर पूर्वपक्ष जिंकला.

‘सैराट’पासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यांनी पाहिला आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी तो प्रदर्शित झाला. लांबी १७४ मिनिटे. आर्ची आणि परश्या गावातून पळून जाईपर्यंत पडद्यावर काय नाही? विहिरीत घेतलेली उडी आहे, बुलेट आहे, ट्रॅक्टर आहे, सुधाकर रेड्डी यंकट्टी यांचा शेतांवरून तरंगत जाणारा कॅमेरा आहे, अजय-अतुल यांचा अख्खा वाद्यवृंद आहे. दोघे पळतात आणि गाणी थांबतात. कॅमेरा जमिनीवर येतो. हैदराबादच्या झोपडपट्टीतली एक खोली, सार्वजनिक संडास, आसरा देणाऱ्या सुमनअक्काची डोशाची गाडी, बाटल्या भरण्याच्या कारखान्यातली आर्चीची नोकरी. प्रेक्षक म्हणतो, रंगत गेली. गेलीच आहे. ती कुणी आणि का काढून घेतली, एवढाच प्रश्न आहे.

पूर्वार्धातली ती सारी उधळण कुणाच्या जोरावर चालली होती ते पाहा. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकते, कॉलेजात मुलांना दटावते, कारण ती पाटलाची लेक आहे. तिच्या बिनधास्तपणावर आपण सगळे फिदा झालो. त्या बिनधास्तपणाचा पाया तिच्या वडिलांच्या सत्तेत होता. तीच सत्ता तिच्या भावाच्या, प्रिन्सच्या हातात येते तेव्हा तो भर वर्गात लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. आर्चीचे धाडस आणि प्रिन्सची थप्पड एकाच वाड्यातून आलेली आहेत. हे पूर्वार्धात कळत नाही, कारण संगीत जोरात आहे. हैदराबादला आर्चीकडे वाडा नाही, आडनाव नाही, भाषाही नाही, आणि ती रडते. खोलीच्या वासाने रडते, आईच्या आठवणीने रडते. जी मुलगी पहिल्या दीड तासात कुणाला भीत नव्हती, ती आता रात्री दाराच्या कडीकडे बघते. ज्या प्रेक्षकाला हा भाग कंटाळवाणा वाटला, त्याला आर्चीच्या अंगावरून उतरत गेलेली सत्ता दिसली नाही. दिग्दर्शकाने ती दाखवली होती, आणि दाखवायला वेळ घेतला होता. सत्ता एका दृश्यात अंगावरून उतरत नाही.

परश्याचेही तसेच. गावात तो खालच्या जातीचा, गुणी, हळवा मुलगा. आपली सगळी सहानुभूती त्याच्या बाजूने. हैदराबादला तोच परश्या आर्चीवर संशय घेतो, तिच्यावर हात उचलतो. प्रेमकथेच्या नायकाला हे शोभत नाही अशी तक्रार तेव्हा खूप ऐकू आली. पण जातीने ज्याला खाली ढकलले तोही घरात येऊन बायकोवर पुरुषपण गाजवू शकतो, हे म्हणणारे मराठी चित्रपट किती आहेत? लोकप्रिय चित्रपट तर जवळपास नाहीतच. ‘सैराट’ ते म्हणतो. कुठे म्हणतो? त्याच ‘पडलेल्या’ भागात.

आता शेवट. त्याबद्दल विरोधकांचेही दुमत नाही. थिएटरातून बाहेर पडताना ज्या शेवटाने माणसे बोलायची थांबली, तो शेवट सगळ्यांनाच ग्रेट वाटतो. मग तो शेवट कशावर उभा आहे? आर्ची घरच्या ओढीने आईला फोन करते. त्यानंतर माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात. ती दारात रांगोळी काढत असते, त्यांना आत घेते, चहा टाकते. आपण निर्धास्त असतो, कारण गेला तासभर दिग्दर्शकाने आपल्याला याच घरात मुरवले आहे. गॅसची शेगडी, स्कूटी, स्वतःच्या फ्लॅटचे बोलणे, शेजारीण, मूल. आपल्याला हे घर आता गृहीत धरण्याइतके ओळखीचे झालेले असते, कंटाळा येण्याइतके ओळखीचे. त्यानंतर मूल परत येते आणि चित्रपटातला आवाज बंद होतो. हैदराबादचा तास कापा, आणि हा शेवट केवळ खुनाचा धक्का उरेल. त्या तासामुळे तो एका संसाराचा अंत होतो. आर्चीचे एकटेपण लांबवले नसते तर तिने आईला फोन का केला हेही समजले नसते, आणि त्या फोनविना मारेकऱ्यांना पत्ताच नव्हता. म्हणजे ज्याला रेंगाळणे म्हटले जाते, तेच कथेतले कारण आहे.

हे सिद्ध करायला केवळ तर्क पुरेसा नाही असे कुणी म्हणाले तर पुरावाही आहे. २०१८ साली या चित्रपटाचा हिंदी अवतार आला, ‘धडक’. संगीतकार तेच, ‘झिंगाट’ही तिथे होते, मोठी निर्मितीसंस्था होती, आणि लांबी मूळ चित्रपटापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक कमी होती. प्रेक्षकाची सूचना जणू पाळली गेली. जात दबक्या आवाजात आली, परमुलखातला संसार आटोपशीर झाला, शेवट बदलून धक्क्यावर ठेवला. तो शेवट आज किती जणांना आठवतो? ‘सैराट’च्या शेवटातली लहान पावले मात्र ज्याने एकदा पाहिली त्याला सांगावी लागत नाहीत. कथा तीच होती. फरक वेळेचा होता.

‘कोर्ट’वरचा आरोप अधिक गंभीर आहे, कारण तो मुळावरच घाव घालतो. इथे काही घडतच नाही, कॅमेरा एका जागी ठोकून ठेवला आहे, हे तर आम्ही खऱ्या न्यायालयात फुकट बघतो, असे म्हणतात. कथा थोडक्यात अशी: नारायण कांबळे हा वयस्क लोकशाहीर. वासुदेव पवार या मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या सफाई कामगाराने त्याच्या गाण्यामुळे आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्याला भर कार्यक्रमातून उचलतात. पुढे तारखा. आपण वर्षानुवर्षे पाहिलेल्या न्यायालयीन चित्रपटात या विषयाचे काय झाले असते ते सांगायला नको. वकिलाच्या चेहऱ्याचा मोठा क्लोजअप, टेबलावर मूठ, साक्षीदाराच्या कपाळावर घाम, संगीताचा ठोका. त्यातही शैलीच आहे. आपण तिला सरावलो आहोत म्हणून ती दिसेनाशी झाली आहे, इतकेच. कुणाकडे बघायचे, कुणावर विश्वास ठेवायचा, कधी टाळी वाजवायची हे ती क्षणाक्षणाला सांगत असते. दिग्दर्शन दिसू नये म्हणणाऱ्या प्रेक्षकाला खरे तर दिग्दर्शकाने बोट धरून न्यायला हवे असते.

ताम्हाणे बोट सोडतात. छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा मागे सरकून उभा राहतो आणि अख्खी खोली दाखवतो. तिथे काय दिसते? एका कोपऱ्यात आपला खटला, त्याच वेळी बाकावर पुढच्या खटल्याची माणसे, कागद इकडून तिकडे नेणारे कर्मचारी, टंकलेखक. बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या बाईचे प्रकरण न्यायाधीश ऐकूनच घेत नाहीत. आणि मग वासुदेवची विधवा साक्षीला उभी राहते. ती सांगते की त्याला कसलेही सुरक्षासाधन दिलेले नव्हते. मॅनहोलमध्ये झुरळे दिसली तर आत हवा आहे, असा त्याचा अंदाज असे. गटारातल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरायचा. हे सगळे ती अगदी सपाट आवाजात सांगते, आणि न्यायाधीश त्याचा सारांश टंकलेखकाला सांगत जातात. एका माणसाच्या मरणाचे दोन-चार ओळींच्या नोंदीत रूपांतर होताना आपण बघतो. इथे तिच्या डोळ्यांचा क्लोजअप घेतला असता तर आपण रडलो असतो आणि ती नोंद नजरेआड झाली असती. दूरच्या, स्थिर चौकटीत साक्ष आणि नोंद एकाच वेळी दिसतात. त्या चौकटीचे काम हेच आहे.

खऱ्या न्यायालयात हे फुकट दिसते का? खऱ्या न्यायालयात सरकारी वकील आपल्याबरोबर लोकल ट्रेनने घरी येत नाही. ‘कोर्ट’मध्ये गीतांजली कुलकर्णी यांची नूतन येते. ती ट्रेनमध्ये घरगुती गप्पा मारते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, रविवारी कुटुंबासह नाटकाला जाते. ते नाटक परप्रांतीयांची टिंगल करणारे आहे आणि प्रेक्षागृह हसते. ती दुष्ट नाही. ती आपल्यातलीच एक कष्टाळू, मध्यमवर्गीय बाई आहे, आणि कांबळेला आत ठेवण्याचे काम ती डब्याला भाजी करण्याइतक्याच सवयीने करते. बचावाचा वकील विनय व्होरा वाइन आणि चीज विकत घेतो, जॅझ ऐकतो. वासुदेवच्या बायकोला गाडीतून सोडताना तो पैसे देऊ करतो, आणि ती ते नाकारून काम असेल तर सांगा म्हणते. हे प्रसंग खटल्याला पुढे नेत नाहीत. ते खटला समजावतात.

आणि तो शेवट, ज्याच्यावर सगळ्यांचा राग आहे. न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागणार. व्होरा जामिनासाठी विनवतो. न्यायाधीश नकार देतात, हवे तर उच्च न्यायालयात जा म्हणतात. खोली रिकामी होते, एकेक दिवा मालवतो, पडदा काळा होतो. थिएटरात इथे माणसे उठायला लागली होती. पण चित्रपट पुन्हा सुरू होतो, आणि आपण न्यायाधीश सदावर्ते यांच्यासोबत सहलीला जातो. तिथे बसलेल्या गप्पांत ते एका न बोलणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्र आणि खड्याची अंगठी सुचवतात. दुपारी बाकावर डुलकी लागते, पोरे ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला थप्पड मारतात. संपले.

हा भाग कापा म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: या सगळ्या वेळात नारायण कांबळे कुठे आहे? तो तुरुंगात आहे. सहलीचे प्रत्येक मिनिट हे त्याच्या कैदेचे मिनिट आहे, आणि चित्रपट त्याला एकदाही दाखवत नाही, कारण व्यवस्थाही त्याच्याकडे बघत नाही. त्यातून ज्या माणसाने कायद्याच्या काटेकोरपणाचे कारण देऊन जामीन नाकारला, त्याच्या खासगी तर्कबुद्धीची पातळी आपल्याला कळते. दिवे मालवले तिथे संपला असता तर ‘कोर्ट’ न्यायव्यवस्था संथ आहे हे सांगणारा, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेले सांगणारा चित्रपट झाला असता. रिसॉर्टमुळे तो त्या व्यवस्थेत बसलेल्या माणसांबद्दलचा चित्रपट झाला.

महोत्सवांचा मुद्दा आता घेऊ, कारण तो सर्वांत जास्त फेकला जातो आणि सर्वांत कमी तपासला जातो. ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेला, ‘द डिसायपल’ला २०२० साली तिथेच मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळाला. म्हणून ते तिकडच्यांसाठी? हा तर्क मराठी चित्रपटाच्या स्वतःच्या इतिहासातच टिकत नाही. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ दुसऱ्या वर्षी व्हेनिसला नावाजला गेला, आणि इकडे तो वर्षाहून अधिक काळ चालला. गावोगावच्या माणसांनी तो पाहिला. तो कुठल्या बाजूचा? ‘सैराट’ इथे प्रदर्शित होण्याआधी बर्लिन महोत्सवात दाखवला गेला होता, मग गर्दीचे सगळे उच्चांक त्याने इथे मोडले. तो परीक्षकांसाठी होता की आपल्यासाठी? लोकांचा चित्रपट आणि महोत्सवाचा चित्रपट ही दोन खाती आपण करून ठेवली आहेत. आपले सर्वांत मोठे दोन चित्रपट दोन्ही खात्यांत सापडतात. खातेवाटणीच चुकली आहे.

मंजुळे यांच्याबद्दल आणखी एक तक्रार असते. ती सभ्यपणे मांडली जाते, तरी तिचे उत्तर सभ्यपणा सांभाळून पण स्पष्ट दिले पाहिजे: सारखे सारखे जातीवरच का? ते तेच ते दाखवतात. मी विचारतो, मराठी चित्रपटाने कित्येक दशके पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत संसार, गैरसमज आणि समेट दाखवले, तेव्हा तेच ते का वाटले नाही? ज्याचे जगणे पडद्यावर आधीपासून आहे त्याच्या पुनरावृत्तीला आपण परंपरा म्हणतो. ज्याचे आत्ता कुठे आले त्याच्या दुसऱ्याच चित्रपटात आपल्याला पुनरावृत्ती दिसते. हे न्याय्य आहे का?

शिवाय वस्तुस्थितीही तशी नाही. विषय एक असेल, रीत एक नाही. त्यांच्या ‘फॅन्ड्री’त जब्या या शाळकरी मुलाचे कुटुंब डुकरामागे धावत असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे जागच्या जागी थिजतात. डुक्कर निसटते. हसू आणि शरम एकाच क्षणी येतात. बांधून नेलेले डुक्कर शाळेच्या भिंतीवरच्या फुले-आंबेडकरांच्या चित्रांसमोरून जाते, आणि शेवटी जब्याचा दगड थेट आपल्याकडे येतो. तिथे प्रेक्षक आरोपी आहे. ‘सैराट’मध्ये त्याच प्रेक्षकाला आधी नाचायला लावले आहे, लोकप्रिय चित्रपटाची सगळी अस्त्रे वापरून. ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन यांच्यासारखा देशातला सर्वांत ओळखीचा चेहरा घेतला आणि त्याला ऐकायला बसवले. नागपूरच्या झोपडपट्टीतली मुले आपापले जगणे सांगतात आणि महानायक गप्प राहून ऐकतो. एकाच दिग्दर्शकाने तीन वेळा तीन वेगळ्या रीती शोधल्या आहेत. याला एकसुरी म्हणणाऱ्याने तिन्ही चित्रपट पुन्हा पाहावेत.

‘झुंड’च्या बाबतीत मी पूर्वपक्षाला एक गोष्ट देतो. मुलांच्या वतीने न्यायालयात विजयने, म्हणजे बच्चन यांच्या पात्राने, केलेले बोलणे भाषणच झाले आहे. चित्रपटाने जे आधीच दाखवले ते तिथे सांगितले जाते, आणि मंजुळे यांच्यासारख्या दिग्दर्शकाला सांगण्याची गरज नव्हती. ते प्रकरण लहान असते तर बरे झाले असते. पण त्या एका प्रसंगावरून मॅचनंतरचा सगळाच भाग फालतू ठरवणे मला मान्य नाही. खेळाच्या चित्रपटात शेवटी सामना जिंकतात, ही आपली सवय. इथे सामना मध्यावर जिंकला जातो, आणि मग पासपोर्टसाठी कागद हवा असतो. रिंकू राजगुरू यांनी साकारलेल्या आदिवासी मुलीचा बाप ओळखीचा पुरावा मिळवायला दारोदार फिरतो. गोल मारता येतो, तू आहेस याचा दाखला मिळवता येत नाही. या मुलांचा खरा प्रतिस्पर्धी समोरचा संघ नव्हताच. हे सांगायचे तर सामना मध्यावर संपवणे भाग होते.

राहिला ‘द डिसायपल’. इथे मला पूर्वपक्षाचे सर्वांत जास्त आश्चर्य वाटते, कारण हा चित्रपट ज्या समाजाबद्दल आहे त्याला विलंबित ऐकण्याचा सराव आहे. एका रागाच्या बढतीसाठी पाऊण तास मांडी न मोडता बसणारे, १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र-रात्र काढलेले रसिक आपल्यात आहेत. षड्जावर गवई किती वेळ थांबला याचे ते कौतुक करतात. तोच रसिक पडद्यावरचे दृश्य दोन मिनिटे थांबले की चुळबुळतो. गाण्यात वेळ हे साहित्य आहे हे त्याला मान्य आहे. चित्रपटात ते का अमान्य?

शरद नेरुळकर रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवतो, कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू माई यांच्या व्याख्यानांचे जुने ध्वनिमुद्रण, सुमित्रा भावे यांच्या आवाजात. गती मंद केलेली आहे. हे दृश्य पुन्हा पुन्हा येते, आणि पहिल्यांदा ते मोहक वाटते. साधना, त्याग, शुद्धता हे शब्द आणि पुढे सरकणारा तरुण. वर्षे जातात. दृश्य तेच, आवाज तोच, रस्ता तोच, शरद मात्र जाड झालेला, थकलेला. तीच मंद गती, जी आधी तपस्येसारखी वाटली, ती आता एका जागी अडकल्यासारखी वाटते. दिग्दर्शकाने काहीही बदललेले नाही, आपला अर्थ बदलला आहे. हा परिणाम पुनरावृत्तीशिवाय आणि वेळेशिवाय कसा साधणार? त्याच्या शेजारी टीव्हीवरच्या गायनस्पर्धेतली ती मुलगी ठेवा. तिचा साध्या गाणाऱ्या पोरीपासून झगमगत्या तारकेपर्यंतचा प्रवास झटपट तुकड्यांत, टीव्हीच्याच भाषेत होतो. शरदची वर्षे लांब, दूरच्या दृश्यांत. दोन कालगती समोरासमोर ठेवून चित्रपट विचारतो की यांतली कुठली खरी. उत्तर तो देत नाही. त्या मुलीची खिल्ली उडवत नाही आणि शरदला हुतात्माही करत नाही.

ज्या उत्तरार्धात काही घडत नाही असे म्हणतात, त्यात काय घडते ते मोजू. संगीताचा एक जाणकार संग्राहक माईंबद्दल असे काही बोलतो की शरदच्या देव्हाऱ्याला तडा जातो, आणि शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. गुरुजी म्हातारे होतात. त्यांची भूमिका करणारे अरुण द्रविड स्वतः मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले गायक, शरद साकारणारा आदित्य मोडकही गायक, म्हणून तंबोरा लावण्यापासून स्वर न लागण्यापर्यंत इथे काही खोटे नाही. शरद भर मैफलीत गाणे थांबवून उठतो. आणि शेवटी तो बायको-मुलीसह ट्रेनमध्ये बसलेला असताना एक फिरता गायक डब्यात गाऊ लागतो. ज्याने शुद्धतेसाठी तारुण्य दिले त्याच्यासमोर, ज्याला शुद्धतेचे ओझेच नाही असा माणूस गातो आहे, आणि कॅमेरा दोघांनाही पुरेसा वेळ देतो.

पूर्वपक्षाने आता कात्री हातात घ्यावी आणि मिनिटे दाखवावीत. जाणकाराचा प्रसंग काढला तर शरदचे गाणे का कोसळले ते कळणार नाही. उशिराच्या वयातले मोटरसायकलचे दृश्य काढले तर आधीचे दृश्य नुसती सजावट उरेल. ट्रेनमधला गायक काढला तर शरद नेमके काय हरला हे कुठल्या दृश्यात दिसणार आहे?